रजा मंजूर

आपल्याकडे बेसबॉल क्रीडापानावर येत नाही, गुन्हेवार्तेत येतो. ‘बेसबॉलच्या दांडक्याने मारहाण, तिघांवर गुन्हा’ ही ओळ शहरी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, हा मुळात एक खेळ आहे आणि त्यात चेंडूही असतो, याचा विसर पडावा. क्रिकेटवाल्यांना तो खेळ अडाणी वाटतो. नुसती हाणामारी, ना खेळपट्टी, ना टप्पा. बेसबॉलवाल्यांना पाच दिवस चालून बरोबरीत सुटणारा आपला खेळ वेडगळ वाटतो. फिट्टंफाट.

तरीही या अनोळखी खेळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांवर दिवाळी अंकाची पानं खर्ची घालायची, तर कारण हवं. ते असं की, देशाचा शर्ट अंगावर चढवण्याआधी खेळाडूला कुणाकुणाचे उंबरठे झिजवावे लागतात, हे या खेळात जितकं उघडं दिसतं तितकं इतरत्र दिसत नाही. कुणाला साहेबाकडून रजा हवी असते, कुणाला विमा कंपनीचा होकार. कुणाला शत्रूदेशाच्या अर्थखात्याचा परवाना लागतो, तर कुणाला आपल्या देशाचं नाव उच्चारायचीच मुभा नसते. यातली रजेची गोष्ट सगळ्यांत गोड आहे, म्हणून ती आधी.

११ मार्च २०२३. टोकियो डोम. वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, म्हणजे या खेळाचा विश्वचषकच म्हणायचा, त्यात जपान विरुद्ध चेक प्रजासत्ताक. जपानकडे शोहेई ओहतानी. हा माणूस गोलंदाज म्हणून ताशी १६० किलोमीटरच्या पुढे चेंडू फेकतो आणि फलंदाज म्हणून तोच चेंडू प्रेक्षकांत भिरकावतो. दोन्ही कामांत जगात अव्वल असा खेळाडू शंभर वर्षांत, बेब रूथनंतर, झाला नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याच्याशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला.

समोर टेकाडावर उभा होता ओंद्रेइ सातोरिया. बेसबॉलमध्ये पिचर ज्या मातीच्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो, त्याला टेकाड म्हणणं जरा जास्तच झालं, पण त्या दिवशी सातोरियाला ते टेकाडच वाटलं असेल. कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेल्या ओस्त्रावा शहरातल्या क्लबकडून तो खेळतो आणि नोकरी करतो वीज कंपनीत. इलेक्ट्रिशियन. महावितरणच्या एखाद्या वायरमनला कुणी बुमराहसमोर उभं करावं, असा तो प्रकार. त्याचा सगळ्यांत वेगवान चेंडू ताशी १३० किलोमीटरचीही मजल मारत नाही. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये हा वेग थट्टेचा विषय व्हावा.

तिसरी इनिंग चालू होती. चेक संघ एका धावेने पुढे होता, आणि ही आघाडीही फुकट मिळालेली नव्हती. पहिल्याच इनिंगमध्ये मारेक ख्लुपने जपानच्या रोकी सासाकीला दोन बेसचा खणखणीत फटका लगावला आणि पाठोपाठ जपानी क्षेत्ररक्षकाचा हात चुकला. आता ओहतानी फलंदाजीला आला. सातोरियाने तीन चेंडू टाकले. तिसरा ‘चेंज-अप’ होता. ओहतानीने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली आणि ती हवेतून गेली. बाद.

नेमकं काय घडलं, ते जरा जवळून बघायला हवं. पिचर आणि फलंदाज यांच्यातलं अंतर १८.४४ मीटर. १६० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. एवढ्या वेळात चेंडू बघायचा, ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचं आणि साधारण अडीच इंच व्यासाची, म्हणजे आपल्या मनगटाएवढी, दंडगोल बॅट नेमकी तिथे न्यायची. हे जाणीवपूर्वक करणं माणसाच्या आवाक्यात नाही, म्हणून फलंदाजाच्या अंगात एक घड्याळ तयार होतं. वर्षानुवर्षं वेगवान चेंडू खेळून लावलेलं घड्याळ. चेंज-अप या घड्याळावरच घाव घालतो. बोटांची पकड बदलून चेंडू तळव्यात खोल धरायचा, हात मात्र वेगवान चेंडूच्याच झोकात फिरवायचा. हात सांगतो एक आणि चेंडू येतो मागाहून. सातोरियाचा तो चेंडू ताशी ११५ किलोमीटरच्या आसपासचा. ओहतानीच्या सवयीच्या वेगापेक्षा तो पोहोचायला दीड दशांश सेकंद जास्त लागला असेल. तेवढ्यात जगातल्या सर्वोत्तम फलंदाजाचा फटका मारून झाला होता. गंमत अशी की, जोरात टाकणाऱ्या पिचरांवर पोसलेल्या फलंदाजाला मध्यम गतीचा पिचर फार जड जात नाही, त्याचा तो सराव करून ठेवतो. पण इतका हळू? इतकं हळू टाकणारा माणूस त्या पातळीवर टिकूनच राहत नाही, त्यामुळे सराव करायचा तरी कुणासमोर!

पुढे व्हायचं तेच झालं. जपानने त्याच इनिंगमध्ये तीन धावा काढल्या आणि सामना १०-२ असा जिंकला. ओहतानीने नंतर उट्टंही काढलं. पण रात्री ओहतानीने चेक संघाचं छायाचित्र समाजमाध्यमावर टाकलं आणि खाली एकच शब्द लिहिला, आदर. आठवड्याभराने तो उपान्त्य सामन्यासाठी मायामीच्या विमानतळावर उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यावर चेक संघाची टोपी होती. जपानमध्ये त्या टोपीची मागणी किती वाढली असेल, ते सांगायला नको.

चेक संघाची ही गंमत एकट्या वीजमिस्त्रीपुरती नव्हती. संघाचे मॅनेजर पावेल खादिम मज्जाविकारतज्ज्ञ, म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट. मार्टिन श्नायडर अग्निशमन दलात. आर्नोश्त दुबोवी शाळेत भूगोल शिकवणारा. संघात मेजर लीग खेळून निवृत्त झालेला एकच, आईकडून चेक असलेला चष्मिस एरिक सोगार्ड. बाकी बहुतेक सगळे कुठे ना कुठे हजेरीपटावर नाव असलेले, रजा टाकून आलेले. आपल्याकडे कबड्डी-खो-खोवाल्यांना ही दुनिया ठाऊक आहे. रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांत नोकरी सांभाळून खेळलेल्या पिढ्या आपण पाहिल्या. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी वर्षाला ३० दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते, हा नियम ज्याच्या घरात एखादा खेळाडू आहे त्याला पाठ असतो. फरक इतकाच की, आपल्याकडे नोकरी खेळामुळे लागते. सातोरियाला ती खेळ असूनही करावी लागते.

हा संघ टोकियोपर्यंत पोहोचला कसा, तेही नाट्यमय आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला पात्रता फेरी झाली. तिथे स्पेनने त्यांना २१-७ असं धुतलं. कुणीही सामान बांधायला घेतलं असतं. चेक मंडळींनी फ्रान्सला हरवलं, यजमान जर्मनीला हरवलं आणि शेवटच्या सामन्यात त्याच स्पेनला ३-१ ने घरी पाठवलं. स्पेनच्या संघात क्यूबा, व्हेनेझुएला आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातून आलेले कसलेले खेळाडू होते, चेक संघात प्राग, बर्नो आणि ओस्त्रावाचे. मग मार्चमध्ये टोकियोत पहिल्याच सामन्यात चीनविरुद्ध शेवटच्या, नवव्या इनिंगमध्ये मागे असताना मार्टिन मुझीकने तीन धावांचा होमरन, म्हणजे थेट प्रेक्षकांत जाणारा फटका, मारला आणि ८-५ असा विजय मिळाला. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमधला चेक संघाचा हा पहिला विजय.

मध्य युरोपात हा खेळ कुठून रुजला? पहिल्या महायुद्धानंतर वायएमसीएच्या अमेरिकन कार्यकर्त्यांनी तो प्रागमध्ये नेला. भारतात बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल रुजवण्यात याच संस्थेचा मोठा वाटा आहे, बेसबॉल मात्र इथे रुजला नाही. इथे क्रिकेटने आधीच गादी धरली होती. चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी राजवटीच्या काळात हा अमेरिकी खेळ अंग चोरून जगला आणि १९८९ नंतर त्याने मोकळा श्वास घेतला. आजही तिथे फुटबॉल आणि आइस हॉकी हे राजे, बेसबॉल कोपऱ्यातला पाहुणा.

त्या टोकियोच्या सामन्यातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जपानचा पिचर रोकी सासाकी तेव्हा २१ वर्षांचा होता. तो इवाते प्रांतातल्या रिकुझेनताकाता गावचा. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत त्याने वडील आणि आजी-आजोबा गमावले, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बरोबर बारा वर्षांनी, त्याच तारखेला, तो देशासाठी मैदानात उतरला. चौथ्या इनिंगमध्ये त्याचा ताशी १६२ किलोमीटरचा चेंडू चेक संघाच्या विली एस्कालाच्या डाव्या गुडघ्यावर बसला. एस्काला कोसळला. मैदान चिडीचूप. थोड्या वेळाने तो उठला, पहिल्या बेसवर गेला आणि आपल्याला काही झालं नाही हे दाखवायला त्याने तिथेच बाजूला एक धाव ठोकली. चाळीस हजार जपानी प्रेक्षकांनी प्रतिस्पर्ध्यासाठी टाळ्यांचा कडकडाट केला. दोन दिवसांनी सासाकी चेक संघाच्या हॉटेलवर आला, हातात गोळ्या-चॉकलेटांच्या दोन भरलेल्या पिशव्या घेऊन. तो तेव्हा ज्या चिबा लोट्टे मरीन्स क्लबकडून खेळत असे, त्याचा मालक गोळ्या-चॉकलेटं बनवणारा उद्योगसमूह. म्हणजे माफी मागायला पोरगा घरचाच माल घेऊन गेला होता. हे सगळं जपानी प्रसिद्धीतंत्र असल्याचा संशय घेणारेही होते. असेनात का. गुडघा एस्कालाचा होता आणि तो हसत होता.

जपानमध्ये या खेळाचं एवढं काय आहे, हा प्रश्न इथे कुणाच्याही मनात येईल. होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन मास्तराने १८७२ च्या सुमारास टोकियोतल्या विद्यार्थ्यांना तो शिकवला, आणि तिथल्या माणसांनी तो असा आपलासा केला की उन्हाळ्यातली शालेय स्पर्धा, कोशिएन, आज राष्ट्रीय सोहळा आहे. हरलेल्या संघातली मुलं रडत रडत मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. २०२३ च्या क्लासिकमधला जपान-इटली सामना टोकियो परिसरातल्या ४८ टक्के घरांत पाहिला गेला. तरी शिस्तीचा बडगा आहेच. लार्स नूटबार हा जपानी आईचा अमेरिकन मुलगा त्या स्पर्धेत जपानकडून खेळला आणि बेसवर पोहोचला की मिरपूड दळण्याच्या गिरणीसारखे हात फिरवायचा. अख्खा देश तसे हात फिरवू लागला. त्याच महिन्यात कोशिएनच्याच वसंतातल्या शालेय स्पर्धेत एका मुलाने तेच केलं, तर पंचांनी त्याला समज दिली. मोठ्यांचं कौतुक आणि लहानांना दम, हा न्याय आपल्यालाही नवा नाही.

आता पैशांकडे वळू. बेसबॉलचा सगळा पैसा अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये आहे आणि तिच्या तीस क्लबांना देश वगैरे भानगडी नको असतात. १९९२ ते २००८ ऑलिंपिकमध्ये बेसबॉल होता, पण तिथे मेजर लीगचा खेळाडू कधीच दिसला नाही. ऑलिंपिक उन्हाळ्यात आणि लीगचा हंगामही उन्हाळ्यात, गिऱ्हाईक टाकून दुकानदार जत्रेला जाईल कशाला? २००५ साली ऑलिंपिक समितीने हा खेळ २०१२ पासून वगळायचं ठरवलं, त्यामागचं एक मोठं कारण हेच. मग लीगने आणि खेळाडूंच्या संघटनेने मिळून २००६ मध्ये आपलीच स्पर्धा काढली, ती ही क्लासिक. भरते मार्चमध्ये, हंगामाच्या तोंडावर, म्हणजे क्लबांचं नुकसान कमीत कमी. पिचरांचे खांदे तोवर पुरते तयार झालेले नसतात म्हणून चेंडूंवर मर्यादा. गटसाखळीत एका सामन्यात एका पिचरने ६५ चेंडूंपेक्षा जास्त टाकायचे नाहीत, पन्नास टाकले की चार दिवस सक्तीची विश्रांती. प्रशिक्षक डावपेच आखतो ते समोरचा फलंदाज पाहून आणि बोटांवर चेंडू मोजून.

यावर विमा कंपनीचा शिक्का वेगळा. खेळाडू देशाकडून खेळताना जखमी झाला, तर त्याचा पगार कोण देणार? क्लब म्हणतो, विमा दाखवा. क्लेटन कर्शॉ हा आपल्या काळातला एक थोर पिचर, २०२३ मध्ये अमेरिकेकडून खेळायला उत्सुक होता. विमा मिळेना, तो घरी बसला. आणि विमेवाल्यांना तरी कोणत्या तोंडाने दोष द्यावा? त्याच स्पर्धेत प्वेर्तो रिकोने डोमिनिकन प्रजासत्ताकाला हरवलं आणि पाच वर्षांसाठी १० कोटी २० लाख डॉलरचा करार नुकताच केलेला पिचर एडविन डियास विजयाच्या भरात सहकाऱ्यांबरोबर उड्या मारताना गुडघ्यातून कोसळला. वाटीखालचा स्नायुबंध फाटला, पूर्ण हंगाम गेला. खेळताना नव्हे, नाचताना. तीनच दिवसांनी व्हेनेझुएलाच्या होसे अल्तुवेचा अंगठा चेंडू लागून मोडला. अमेरिकेत ओरड सुरू झाली की ही निरर्थक प्रदर्शनी स्पर्धा बंद करा. ओरडणाऱ्यांत प्वेर्तो रिकोचे लोक नव्हते. आयपीएलच्या काळात ‘क्लब की देश’ हा वाद आपणही चघळतो, पण आपल्याकडे देशाचं पारडं अजून तरी जड आहे. बेसबॉलमध्ये ते कधीच जड नव्हतं, २१ मार्च २०२३ च्या रात्रीचे काही तास वगळता. मायामीतल्या अंतिम सामन्यात जपान ३-२ ने पुढे होता. शेवटचा गडी बाद व्हायचा होता, पिचर ओहतानी आणि फलंदाज अमेरिकेचा कर्णधार माइक ट्राउट. दोघेही एकाच क्लबचे, लॉस एंजेलिस एंजल्सचे सहकारी. तीन बॉल, दोन स्ट्राइक, म्हणजे पुढचा चेंडू निकाल लावणार. ओहतानीने आडवा सरकत जाणारा चेंडू टाकला, ट्राउटची बॅट हुकली आणि जपान तिसऱ्यांदा विजेता झाला. क्लबमालकांना ही झुंज सगळ्या हंगामात विकत घेता आली नसती, कारण एका संघातले दोघं एकमेकांसमोर येतच नाहीत.

क्यूबाची गोष्ट याहून कडू. या बेटाने ऑलिंपिकच्या पाच स्पर्धांत तीन सुवर्णपदकं आणि दोन रौप्यपदकं मिळवली. फिडेल कॅस्ट्रोच्या सरकारने १९६१ च्या सुमारास व्यावसायिक खेळावर बंदी घातली, त्यामुळे जगातले उत्तम खेळाडू सरकारी पगारावर खेळत. ज्याला अमेरिकेत पैसे कमवायचे त्याने देश सोडायचा, आणि सोडला की राष्ट्रीय संघाचं दार बंद. लिवान हर्नांडेस १९९५ मध्ये मेक्सिकोतल्या मोंतेरेईला संघाच्या शिबिरातून निसटला. दोनच वर्षांनी तो फ्लोरिडा मार्लिन्सकडून वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचा सावत्रभाऊ ओर्लांदो, ‘एल दुके’ म्हणजे सरदार या टोपणनावाचा, बार्सिलोनात सुवर्ण जिंकलेल्या संघातला. भाऊ पळाला, आता हाही पळेल या संशयावरून त्याला खेळातूनच बाद केलं. १९९७ च्या नाताळात तो बोटीतून निघाला आणि १९९८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून विजेतेपदाची अंगठी बोटात घालून बसला. ज्या संशयापायी त्याला घरी बसवलं, तो सरकारने आपल्याच हाताने खरा करून घेतला.

परवानगीचा घोळ दुसऱ्या बाजूनेही तेवढाच. पहिल्या क्लासिकच्या वेळी, डिसेंबर २००५ मध्ये, अमेरिकेच्या अर्थखात्याने क्यूबाला खेळायचा परवानाच नाकारला, कारण निर्बंधांमुळे क्यूबाच्या हाती डॉलर जाता कामा नयेत. क्यूबाने कळवलं की आमचा वाटा कतरिना वादळातल्या तुमच्याच आपद्ग्रस्तांना देऊ. यावर नाही म्हणायची सोय उरली नाही. क्यूबाने त्या स्पर्धेत अंतिम फेरी गाठली आणि जपानकडून १०-६ अशी हार पत्करली. २०२३ मध्ये प्रथमच, पुन्हा अमेरिकी परवान्याने, मेजर लीगमध्ये खेळणारे योआन मोंकादा आणि लुईस रॉबर्ट क्यूबाच्या संघात आले. उपान्त्य सामना कुठे ठरावा? मायामीत! क्यूबा सोडून आलेल्यांचं ते माहेरघर. देशाचा संघ त्यांच्या दारात आला आणि ते निषेधाचे फलक घेऊन गेले. सामना चालू असताना निदर्शक मैदानात घुसले. अमेरिकेने १४-२ असा फडशा पाडला. संघ हवानाला परतला, तेव्हा त्यातला एक माणूस विमानात नव्हता.

तैवानच्या खेळाडूंना देश सोडावा लागत नाही, नाव सोडावं लागतं. १९८१ च्या ऑलिंपिक समझोत्यानुसार त्यांनी ‘चायनीज तैपेई’ म्हणून खेळायचं, स्वतःचा झेंडा फडकवायचा नाही. बेसबॉल तिथे जपानी राजवटीत आला. १९३१ मध्ये च्यायी शेतकी शाळेच्या संघाने, ज्यात जपानी, हान आणि आदिवासी मुलं एकत्र होती, जपानमधल्या कोशिएनची अंतिम फेरी गाठली. १९६८ मध्ये ताइतुंगच्या डोंगरातल्या होंगये या आदिवासी शाळेच्या पोरांनी जपानहून आलेल्या संघाला हरवलं आणि खेळाचं वेडच पसरलं. ही पोरं काठी आणि दगडांनी सराव करत, असं सांगतात. आज तैवानच्या ५०० डॉलरच्या नोटेवर कुणी नेता नाही, बेसबॉल जिंकल्यावर टोप्या उडवणारी शाळकरी मुलं आहेत. याहून चांगली नोट माझ्या पाहण्यात नाही.

२४ नोव्हेंबर २०२४, पुन्हा टोकियो डोम. ‘प्रीमियर १२’ या दुसऱ्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना. या स्पर्धेला मेजर लीग आपल्या मुख्य यादीतले खेळाडू सोडतच नाही, म्हणजे इथे परवानगीचा प्रश्नच निकालात. समोर सलग २७ आंतरराष्ट्रीय सामने जिंकलेला जपान. पाचव्या इनिंगमध्ये तैवानचा कर्णधार चेन चिए-शिएनने तीन धावांचा होमरन मारला. बेसांना वळसा घालताना त्याने दोन्ही हातांनी छातीवर एक चौकोन रेखला. शर्टावर जिथे इतर संघांच्या देशाचं नाव असतं, तिथे त्याच्या शर्टावर काहीच नव्हतं. तैवानने सामना ४-० असा जिंकला. एक शब्द न उच्चारता केलेलं एवढं स्पष्ट भाषण मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यावर कारवाई करायची तरी कशाखाली? संघाचं विमान परतताना हवाई दलाच्या एफ-१६ विमानांनी त्याला सोबत केली आणि तैपेईच्या रस्त्यांवर मिरवणूक निघाली.

आणि आपण? भारत क्लासिकमध्ये, त्याच्या पात्रता फेरीतही, कधी खेळलेला नाही. पाकिस्तान २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये पात्रता फेरी खेळून आला, सडकून हरला, पण खेळला. त्याच वर्षी भारताच्या मुलींचा संघ दक्षिण कोरियात गिजांगला महिला विश्वचषकात उतरला होता, याची आपल्यातल्या कितीजणांना वार्ता होती? उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू २००८ मध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं, त्यावर हॉलिवूडने चित्रपटही काढला. मेजर लीगपर्यंत दोघेही पोहोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या तमाशात गेला. हे सगळं सुटंसुटं आहे, त्यातून परंपरा उभी राहत नाही. महाराष्ट्रात विद्यापीठांच्या स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात, मुलं-मुली मेहनत करतात, प्रमाणपत्रं मिळतात. माझं स्पष्ट मत असं की, आपल्याकडे गुणवत्तेची वाण नाही, क्रिकेटच्या थ्रोवर वाढलेल्या देशात हात तयारच आहेत. वाण आहे ती ओस्त्रावासारख्या क्लबांची, जिथे दिवसभर तारा जोडून आलेला माणूस संध्याकाळी दिव्याखाली चेंडू टाकू शकतो. त्याला मैदान लागतं, आणि मैदानं आपण लग्नसमारंभांना आणि वाहनतळांना देऊन टाकली.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही परत येत आहेत, बेसबॉलला जेमतेम सहा संघ. त्यात चेक संघाला जागा मिळणं कठीण. पण टोकियोत २०२३ मध्ये तो आपल्या गटात शेवटून दुसरा राहिला, चीनवरच्या त्या एका विजयामुळे, आणि तेवढ्यावर २०२६ च्या क्लासिकचा थेट प्रवेश त्याच्या पदरात पडला. पात्रता फेरी नाही, रेगेन्सबुर्ग नाही. गटही पुन्हा टोकियोचाच: जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, तैवान आणि चेक प्रजासत्ताक. टोकियोत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला दिसतो. कधी असा सामना लागला, तर अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि बघा.